इंग्रजीशी गट्टी : 'क्लच' म्हणजे नुसतं धरणं नव्हे!

मुलांनो, 'क्लच' म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? बाबांच्या मोटारसायकलचा डावीकडचा दांडा किंवा ताईच्या केसांतला तो दातेरी 'क्लचर', बरोबर? आज आपण या शब्दाच्या मूळ घरी जाऊ. 'क्लच' हे मुळात क्रियापद आहे. स्पेलिंग सी, एल, यू, टी, सी, एच. 'कॅच'सारखंच शेवटी 'सी-एच' असल्यामुळे 'ही', 'शी' आले की नुसता 'एस' चालत नाही, 'ई-एस' लावून 'क्लचेस' करावं लागतं. भूतकाळात 'ई-डी' लावायचा, पण म्हणताना शेवटी 'ट' ऐकू येतो, बरं का!

अर्थ? घट्ट धरणे. पण एवढ्यावर पान उलटू नका.

इंग्रजीत धरण्याचे बरेच प्रकार आहेत. 'होल्ड' म्हणजे साधं धरणं. वही धरा, छत्री धरा. 'ग्रिप' म्हणजे जोर लावून पक्कं धरणं. बॅटची मूठ आपण 'ग्रिप' करतो. 'क्लेंच' म्हणजे आवळणं. मूठ आवळली, दातओठ खाल्ले की 'क्लेंच'. आणि 'क्लच'? यात जोर तर आहेच, शिवाय काळजी आहे. हातातली वस्तू जाईल, कुणी हिसकावेल, आपण पडू, असं काहीतरी मनात असतं तेव्हा माणूस 'क्लच' करतो. एस.टी. तोरणमाळचा घाट चढू लागली की खिडकीशी बसलेली आजी पुढच्या सीटची दांडी जशी धरते ना, तसं. आपल्या मराठीत यासाठी वेगळं एकच क्रियापद शोधायला जाऊ नका. आपण 'धरणे'च्या मागंपुढं शब्द जोडतो: गच्च धरलं, आवळून धरलं, उराशी कवटाळलं. इंग्रजी तो सगळा भाव क्रियापदाच्या पोटातच कोंबते.

आता एक खरं उदाहरण घेऊ. नंदुरबारच्या मुलांना ते सांगायला नको, इतरांनी नीट वाचा. ९ सप्टेंबर १९४२. 'चले जाव'च्या ठरावाला महिना होऊन गेला होता. नंदुरबार तेव्हा पश्चिम खानदेश जिल्ह्यात होतं (स्वतंत्र नंदुरबार जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ रोजी). गावातून मुलांची मिरवणूक निघाली. तिच्यात हातात तिरंगा घेतलेला शिरीषकुमार मेहता होता. जन्म २८ डिसेंबर १९२६ चा, म्हणजे सोळाही पूर्ण नव्हते. पोलिसांनी गोळीबार केला. शिरीषकुमार, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा हे पाचजण हुतात्मा झाले. नंदुरबारात त्यांचं स्मारक आहे.

समजा, हा प्रसंग तुम्हाला इंग्रजी निबंधात लिहायचाय. शिरीषकुमारने झेंडा धरला, याला क्रियापद कोणतं? बहुतेकजण 'ही हेल्ड द फ्लॅग' लिहून मोकळे होतील. मिरवणूक निघतानाचं वाक्य असेल तर ते ठीक आहे. झेंडा तेव्हा सुखरूप होता. पण समोर बंदुका आल्या, त्या क्षणाचं वाक्य असेल तर? मी 'ही क्लच्ड द फ्लॅग' लिहीन. इथे एखादे पालक म्हणतील, 'क्लच'मध्ये भीती आहे असं तुम्हीच म्हणालात, मग हा शूर मुलगा भ्याला का? नाही हो! भीती स्वतःच्या जिवाची असेलच असं नाही, ती हातातल्या वस्तूचीही असते. आई बाळाला उराशी धरते तेव्हा ती भित्री असते का? तरीही ज्यांना शंका वाटेल त्यांनी 'ग्रिप्ड' लिहावं, मार्क कापले जाणार नाहीत.

मात्र एक चूक करू नका. 'क्लच'पुढं 'अॅट' आलं की अर्थ पार बदलतो. 'ही क्लच्ड अॅट द फ्लॅग' म्हणजे झेंडा पकडायला त्यानं हात टाकला. हाती लागला की नाही, देव जाणे! दोन अक्षरांच्या त्या शब्दानं शिरीषकुमारच्या हातातला झेंडा काढून घेतला, बघा. पाण्यात बुडणारा माणूस गवताच्या काडीकडे झेपावतो, तिथे मात्र 'अॅट'च हवं. आपल्याकडच्या 'बुडत्याला काडीचा आधार'साठी इंग्रजी म्हणीत 'क्लच अॅट अ स्ट्रॉ' येतं ते याचमुळे.

नाम म्हणून 'क्लचेस' हे अनेकवचन आलं तर अर्थ होतो तावडी. शहादा-तळोदा भागातल्या आदिवासींच्या जमिनी सावकार-जमीनदारांच्या तावडीत गेल्या होत्या. त्या सोडवण्यासाठी १९७० च्या दशकात अंबरसिंग सुरतवंती आणि श्रमिक संघटना लढली. त्या लढ्यावर लिहायचं तर 'क्लचेस' हाच शब्द चपखल.

आणि गाडीचा क्लच? तिथे इंजिनाची आणि गिअरकडची अशा चकत्या एकमेकींना स्प्रिंगच्या जोरानं घट्ट धरून ठेवतात. गंमत म्हणजे आपण क्लच दाबतो तेव्हा ती पकड सुटते! मग गिअर बदलायचा, पाय हळूहळू उचलायचा, की पकड पुन्हा बसते. कोंबडीच्या एका खेपेच्या अंड्यांनाही 'क्लच' म्हणतात, पण तो शब्द वेगळ्या कुळातला, अंडी उबवण्याच्या अर्थाचा. पकडीशी त्याचा संबंध नाही.

आता वही काढा. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा उधळला, पण स्वारानं लगाम पक्का धरून ठेवला. गर्दीत धाकट्यानं आईचा पदर गच्च धरला. तापीकाठी पाय घसरला तेव्हा त्यानं फांदीकडे हात टाकला, पण ती हाती आली नाही. या तिन्ही वाक्यांचं इंग्रजी करा. क्रियापद तिन्हीकडे एकच नाही, आणि 'अॅट' फक्त एकाच ठिकाणी येतं. उत्तरं पुढच्या अंकात!