‘साधा ताप’ आणि आपल्या वस्तीचे मौन

घोडेगाव म्हटले की कांदा मार्केट आणि शनिशिंगणापूरचा फाटा आठवतो. महामार्गावरच्या या गावात ट्रकचालक थांबतात, हमाल गोण्या उचलतात, बाया कांदा निवडतात. सोनई आणि भेंड्याच्या साखर कारखान्यांच्या हंगामात ऊसतोडणीच्या टोळ्या याच तालुक्यात उतरतात. यांच्यापैकी कुणाला कणकण आली, घसा दुखला, अंग मोडून आले तर काय होते? दवाखान्यात एक सुई, दोन दिवसांच्या गोळ्या, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा कामावर. रोज बुडवून चूल पेटत नाही.

बहुतेक वेळा तो ताप साधाच असतो. पण प्रत्येक वेळी नसतो, हे आम्हाला आपल्या तरुणांना स्पष्ट शब्दांत सांगायचे आहे.

एचआयव्हीची लागण झाल्यावर साधारण दोन ते चार आठवड्यांत अनेकांना ताप येतो, घसा दुखतो, गाठी सुजतात, अंगावर पुरळ उठते. आठवडा-दोन आठवड्यांत हे सारे आपोआप जाते. माणसाला वाटते, सुई लागू पडली. प्रत्यक्षात त्या दिवसांत रक्तात विषाणू सर्वांत जास्त असतो आणि दुसऱ्याला लागण होण्याचा धोकाही तेव्हाच मोठा असतो. त्यानंतर कित्येक वर्षे काहीच त्रास जाणवत नाही. उपदंश, ज्याला आपल्याकडे ‘गरमी’ म्हणतात, त्याचेही तसेच. आधी न दुखणारी जखम होते आणि भरून येते. काही आठवड्यांनी ताप, घशाची खवखव, तळहात-तळपायांवर पुरळ. तेही जाते, पण आजार शरीरात राहतो. ‘ब’ प्रकारच्या काविळीची सुरुवातही कधी नुसत्या थकव्याने आणि तापाने होते. ताप उतरला म्हणजे आजार गेला, असे यांतल्या एकाही आजाराबाबत म्हणता येत नाही.

मग डॉक्टर विचारत का नाहीत आणि रुग्ण सांगत का नाही? कारण लाज. ही लाज सगळ्यांना सारखी नसते. सवर्ण घरातल्या माणसाला हा आजार झाला तर तो त्याचा खासगी प्रश्न असतो. आपल्या वस्तीतल्या माणसाला झाला की अख्खी वस्ती बदनाम होते. ज्या व्यवस्थेने आपल्या आया-बहिणींना मुरळी, देवदासी म्हणून देवाच्या नावाने सोडले, तीच व्यवस्था पुढे ‘हे रोग त्यांच्याकडचेच’ असे म्हणायला मोकळी झाली.

म्हणूनच आपल्यातले काही ज्येष्ठ म्हणतात, “हे विषय विहारात नकोत, लोक आपल्यालाच नावे ठेवतील.” त्यांची भीती खोटी नाही. पण नावे ठेवणारे आपण गप्प बसल्याने कधी थांबले आहेत का? मौनाने बदनामी टळत नाही, फक्त उपचार टळतो. आणि त्याची किंमत बहुतेक वेळा ती बाई मोजते, जिला नवऱ्याच्या ‘साध्या तापा’बद्दल कुणी काही सांगितलेलेच नसते.

या प्रश्नावर बाबासाहेबांनी कोणती बाजू घेतली होती? र. धों. कर्वे ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून वाचकांच्या लैंगिक शंकांना शास्त्रीय उत्तरे देत. गुप्तरोगांपासून बचाव कसा करावा यावर त्यांनी पुस्तकच लिहिले होते. त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा १९३४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात त्यांच्या बाजूने उभे राहिले ते बॅरिस्टर आंबेडकर. लोकांना लैंगिक प्रश्न पडतात, ते विचारतात, मग त्यांना उत्तर देणे अश्लील कसे, हा त्यांच्या मांडणीचा गाभा होता. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला, पण मुद्दा हरला नाही. पुढे १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव आला. त्यामागे बाबासाहेब होते आणि तो मांडला स्वतंत्र मजूर पक्षाचे पी. जे. रोहम यांनी, म्हणजे आपल्याच नगर जिल्ह्यातून निवडून आलेल्या प्रतिनिधीने. ठराव फेटाळला गेला. पण शरीराचा प्रश्न हा राजकारणाचा प्रश्न आहे, हे आपल्या चळवळीने तेव्हाच सांगून ठेवले. आज आपण त्यांच्यापेक्षा मागे जायचे का?

आता हक्काचे बोलू. सरकारी रुग्णालयांतल्या आयसीटीसी केंद्रात एचआयव्हीची तपासणी मोफत आणि गोपनीय होते. एआरटीची औषधे सरकार २००४ पासून मोफत देते. ती नियमित घेतली आणि विषाणू तपासणीत सापडेनासा झाला, तर शरीरसंबंधातून तो जोडीदाराला लागत नाही. उपदंश पेनिसिलिनने बरा होतो. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. संमतीशिवाय तपासणी करणे, नाव फोडणे, या कारणावरून नोकरी किंवा उपचार नाकारणे त्याने बेकायदा ठरवले आहे. १०९७ या क्रमांकावर फोन करून माहिती मिळते.

तीन गोष्टी प्रत्येक कार्यकर्त्याने पाठ कराव्यात. निरोधाशिवाय संबंध आला असेल आणि नंतर ताप आला, तर डॉक्टरांना ते सांगा. लागणीनंतर लगेच केलेली तपासणी निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा करा. धोका नुकताच घडला असेल, तर ७२ तासांच्या आत सरकारी रुग्णालय गाठा. लागण रोखणारी औषधे त्या मुदतीतच सुरू करावी लागतात.

आणखी एक. भीमजयंतीला आपण रक्तदान शिबिरे घेतो, हा आपला अभिमान आहे. पण ‘फुकटात तपासणी होईल’ म्हणून कुणी रक्त देऊ नये. नव्या लागणीचे रक्त तपासणीतून निसटू शकते आणि ते एखाद्या बाळंतिणीला चढू शकते. त्यापेक्षा जयंतीच्या मांडवाशेजारी आयसीटीसीचे तपासणी शिबिर मागून घ्या. कांदा मार्केटच्या हमालांसाठी, ऊसतोडीच्या कोपीवर, कामाची वेळ सांभाळून ते भरवा. आरोग्य खात्याला लेखी अर्ज द्या, पाठपुरावा करा. आणि रांगेत पहिले नाव कार्यकर्त्यांचे असू द्या. पुढारी रांगेत उभा राहिला की मागच्याची लाज निम्मी होते.

जय भीम!