नोट कच्ची, शिक्षा पक्की

खोट्या नोटांस आळा कारागिरीनें घालावा कीं फांशीनें? इंग्लंडनें दुसरा मार्ग धरला. १७९७ सालीं बँक ऑफ इंग्लंडनें नोटेबद्दल सोनें देणें थांबवून एक व दोन पौंडांच्या लहान नोटा काढल्या. त्या एकाच बाजूस, काळ्या शाईनें साध्या छापलेल्या. बेताचें खोदकाम जाणणाऱ्यासही नक्कल जमावी अशा. जन्मांत नोट न पाहिलेल्या मजुरानें खरीखोटी ओळखावी कशी? तरी १८२१ पर्यंत ३०० हून अधिक माणसें यापायीं फांशीं गेलीं. पुष्कळांचा गुन्हा नोट बनविण्याचा नव्हे, चालविण्याचा.

अमेरिकेंत बेंजामिन फ्रँकलिन यानें १७३७ च्या सुमारासच खऱ्या झाडाच्या पानावरून धातूचा ठसा ओतून तो नोटेवर उमटविला होता. शिरांचें तें जाळें हातानें हुबेहूब खोदणें महाकठीण! मरणाची धमकी तेथील वसाहतींच्या नोटांवरही छापीत, नाहीं असें नाहीं. पण तिच्याआधीं कारागिरीचा अडसर होता. नोट निष्काळजीपणें छापावयाची बँकेनें आणि मान द्यावयाची गरिबानें, यास आम्ही न्याय म्हणत नाहीं. जॉर्ज क्रुकशँक या चित्रकारानें १८१९ सालीं फांसावर लटकणाऱ्यांच्या रांगेचीच एक उपहासात्मक नोट काढून बँकेची अब्रू वेशीवर टांगली. कायद्यानें ही फांशी उठावयास मात्र १८३२ साल उजाडावें लागलें.