परराष्ट्रनीती शिकण्यासाठी परराष्ट्राच्या दारात?

मार्च महिना हा आपल्याकडे परीक्षांचा महिना. परंतु पुण्या-मुंबईच्या, नाशिक-नागपूरच्या काही सुशिक्षित कुटुंबांत अलीकडे या महिन्याला आणखी एक अर्थ प्राप्त झाला आहे. डिसेंबर-जानेवारीत अमेरिकी विद्यापीठांकडे धाडलेल्या अर्जांचे निकाल या सुमारास येऊ लागतात. अभियांत्रिकी आणि संगणकशास्त्र यांच्या जोडीला 'आंतरराष्ट्रीय संबंध' हा विषयही आता या यादीत आला आहे. जॉर्जटाऊन, जॉन्स हॉपकिन्स, कोलंबिया, टफ्ट्स ही नावे घरातील आजी-आजोबांनाही पाठ झालेली असतात. तिकडे दुपारी कळविलेला निर्णय इकडे मध्यरात्री पोहोचतो, म्हणून अख्खे घर जागे असते. होकार, नकार किंवा 'प्रतीक्षायादी' यांपैकी काय पदरात पडते, यावर घरातील कर्जाचे, विवाहाचे आणि भवितव्याचे सारे बेत अवलंबून असतात.

तरुणांच्या या महत्त्वाकांक्षेला नावे ठेवण्याचे कारण नाही. जग जाणून घेण्याची इच्छा हे जिवंत समाजाचे लक्षण आहे. पण भारताने जगाशी कसे वागावे, हे शिकण्याची परवानगी मिळावी म्हणून भारताच्या बुद्धिमान मुलामुलींनी परक्या विद्यापीठाच्या प्रवेशसमितीकडे डोळे लावून का बसावे, हा प्रश्न मात्र विचारलाच पाहिजे.

प्रतीक्षेचा बाजार

ही प्रतीक्षा फुकटची नाही. एकेका अर्जामागे ऐंशी-शंभर डॉलर शुल्क द्यावे लागते आणि एक उमेदवार पाच-सहा ठिकाणी तरी अर्ज करतो. भाषेच्या परीक्षा, शिफारसपत्रे, सल्लागारांची फी हे सारे वेगळेच. होकार आला तर १५ एप्रिलच्या आसपास निर्णय कळवून परत न मिळणारी अनामत भरावी लागते. प्रतीक्षायादीत नाव लागले तर हाती असलेल्या जागेची अनामत बुडवावी, की अधिक नावाजलेल्या जागेची आशा सोडावी, हा जुगार मे-जूनपर्यंत चालतो. शिक्षणशुल्कच वर्षाला साठ हजार डॉलरच्या घरात वा त्याहून अधिक असते. राहण्याजेवणाचा खर्च धरला तर दोन वर्षांचा हिशेब एक कोटी रुपयांच्या सहज पुढे जातो. मध्यमवर्गीय कुटुंबाच्या दृष्टीने याचा अर्थ राहते घर गहाण टाकणे असा आहे.

पैशापेक्षा सूक्ष्म असे एक मोलही यात मोजले जाते. प्रत्येक अर्जासोबत उमेदवाराला उद्देशपत्र लिहावे लागते. आपल्याला हा विषय का शिकायचा आहे, हे त्यात सांगायचे असते. ते कोणासाठी लिहायचे? परक्या समितीसाठी! मग बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी हा तरुण आपल्या देशाकडे त्या समितीच्या डोळ्यांनी पाहू लागतो. कोणता प्रश्न मांडला तर तिकडे भावेल, कोणता शब्द खटकेल, याचा अदमास घेत तो लिहितो. असे लिहिता लिहिता भारत ही त्याची जन्मभूमी न राहता त्याच्या अर्जातील 'समस्या' होऊन बसते. वर्गात पाऊल ठेवण्यापूर्वीच शिक्षणाचा पहिला धडा पूर्ण झालेला असतो.

त्यांनी शाळा कोणासाठी काढल्या?

या संस्थांचा इतिहास लपविलेला नाही. जॉर्जटाऊनची परराष्ट्र सेवेची शाळा १९१९ साली, पहिले महायुद्ध संपताच एडमंड वॉल्श या जेसुइट धर्मगुरूंनी उभी केली. तिच्या नावातच 'परराष्ट्र सेवा' आहे आणि ती सेवा अमेरिकेची आहे. फ्लेचर स्कूल १९३३ चे. दुसरे महायुद्ध ऐन भरात असताना, १९४३ साली पॉल नित्झे आणि ख्रिश्चन हर्टर यांनी वॉशिंग्टनमध्ये जी शाळा स्थापन केली, तीच आज जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचा भाग आहे. यांपैकी हर्टर पुढे अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री झाले, तर नित्झे शीतयुद्धाच्या धोरणाचे एक प्रमुख शिल्पकार ठरले. कोलंबियाची शाळा १९४६ ची. युद्धोत्तर जगाची सूत्रे हाती घेणाऱ्या राष्ट्राला ती सांभाळणारी माणसे हवी होती आणि ती घडविण्यासाठी या शाळा निघाल्या.

यात अमेरिकेचा दोष काय? काहीच नाही. प्रत्येक जागृत राष्ट्राने हेच करावे. दोष आहे तो दुसऱ्याची छावणी पाहून तिला तीर्थक्षेत्र समजणाऱ्यांचा. त्या छावणीतून निघणारा मुख्य रस्ता तेथील परराष्ट्र सेवेकडे जातो आणि त्या सेवेत अमेरिकी नागरिकाखेरीज कोणालाही प्रवेश नाही. गुप्तता-परवान्याची गरज असलेल्या नोकऱ्यांचेही तेच. भारतीय विद्यार्थी त्याच वर्गात बसतो, बहुधा पूर्ण शुल्क भरतो आणि पदवी हाती पडली की त्याला कळते की, ज्या दारासाठी हा वाडा बांधला ते दार त्याच्यासाठी कधी उघडणारच नव्हते.

त्या राष्ट्राने ज्ञानाकडे कोणत्या दृष्टीने पाहिले, हे समजून घेण्याजोगे आहे. १९५७ मध्ये रशियाचा स्पुटनिक आकाशात गेला आणि १९५८ मध्ये अमेरिकेने 'राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायदा' केला. परकीय भाषा आणि प्रदेश यांच्या अभ्यासाला सरकारी पैसा मिळाला तो संरक्षणाच्या नावाने! भारताला 'पीएल-४८०' खाली गहू मिळाला, त्याची किंमत आपण रुपयांत चुकती केली आणि १९६२ पासून त्याच रुपयांतून अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने दिल्लीत कार्यालय थाटून भारतीय भाषांतील पुस्तके आणि नियतकालिके विकत घेतली. त्यांत मराठीही होती. ती तेथील विद्यापीठांच्या ग्रंथालयांत पोहोचली. आपण गहू खाऊन मोकळे झालो, त्यांनी आपले ग्रंथ नेऊन आपला अभ्यास मांडला. आज आपला विद्यार्थी कर्ज काढून त्याच ग्रंथालयात भारताविषयी वाचायला जातो.

दाराला कडी बाहेरून

निदान ते दार तरी खात्रीचे आहे काय? २०२३-२४ या शैक्षणिक वर्षात अमेरिकेत ३,३१,६०२ भारतीय विद्यार्थी होते. चीनला मागे टाकून भारत पहिल्या क्रमांकावर आला, म्हणून आपल्याकडे टाळ्या पडल्या. पुढच्याच वर्षी काय झाले? २७ मे २०२५ रोजी अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने विद्यार्थी-व्हिसाच्या नव्या मुलाखती देणे थांबविले. प्रवेश मिळालेले, अनामत भरलेले, कर्ज मंजूर झालेले हजारो विद्यार्थी जिथल्या तिथे थबकले. जूनमध्ये मुलाखती पुन्हा सुरू झाल्या त्या नव्या अटीसह. अर्जदाराने आपली समाजमाध्यमांवरील खाती तपासणीसाठी खुली ठेवावीत! त्याच मे महिन्यात हार्वर्डचा परदेशी विद्यार्थी घेण्याचा अधिकारच काढून घेण्यात आला आणि न्यायालयाने हस्तक्षेप केला म्हणून ते संकट टळले. सप्टेंबरमध्ये नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलर शुल्काची घोषणा झाली.

ज्यांच्या भरवशावर या पदव्यांची किंमत ठरत असे, त्या संस्थांचीही तीच गत झाली. अमेरिकेची विदेश-साहाय्य संस्था 'यूएसएड' १ जुलै २०२५ रोजी बंद झाली. त्याच महिन्यात तेथील परराष्ट्र खात्याने तेराशेहून अधिक कर्मचाऱ्यांना एका फटक्यात घरी पाठविले. खुद्द अमेरिकी पदवीधर रस्त्यावर असताना भारतीय पदवीधराची वाट कोण पाहणार?

यातील विसंगती तर पाहा. तेथील कायद्याने विद्यार्थी-व्हिसा मागणाऱ्याला 'मी परत जाणार' हे अधिकाऱ्याला पटवून द्यावे लागते. घरी मात्र कर्जाचे गणित तो परत येणार नाही, या गृहीतकावरच बेतलेले असते. डॉलरमधील नोकरी नसेल तर कोटीचे कर्ज फिटत नाही. मुत्सद्देगिरीच्या पदवीची सुरुवात अशा दुहेरी भाषेने व्हावी, हे आपल्या मुलांचे दुर्दैव आहे.

आक्षेप आणि उत्तर

येथे कोणी म्हणेल, डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबियाला गेले नव्हते काय? अवश्य गेले. १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर ते गेले आणि परतल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानाची सेवा करण्याचा करार करून गेले. त्या करारापोटी ते बडोद्यात आले, तेव्हा त्यांना राहायला जागाही मिळू नये, हा हिंदू समाजाच्या माथ्यावरील कलंक आहे आणि तो विसरता येणार नाही. परंतु पाठविणारा कोण, खर्च कोणाचा आणि विद्या कोणासाठी, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे त्या प्रवासात स्पष्ट होती. आजच्या प्रवासात पाठविणारी सल्लागार कंपनी आहे, खर्च बापाच्या घराचा आहे आणि विद्या कोणासाठी, हे कोणालाच ठाऊक नाही. काँग्रेसचे खासदार शशी थरूर फ्लेचरचे पीएच.डी. आहेत, असेही सांगितले जाईल. ते खरेच आहे. अपवादांची विद्वत्ता नाकारण्याचे कारण नाही. मात्र अपवादांवर राष्ट्राची व्यवस्था उभी राहत नाही.

आणि दुसरी बाजू पाहा. परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर हे जवाहरलाल नेहरू विद्यापीठाचे विद्यार्थी. आंतरराष्ट्रीय संबंधांतील त्यांची एम.फिल. आणि पीएच.डी. तेथलीच. चीनचे जाणकार आणि माजी परराष्ट्र सचिव विजय गोखले यांचे पदव्युत्तर शिक्षण दिल्ली विद्यापीठात, इतिहास विषयात झाले. बीजिंग आणि वॉशिंग्टन यांच्यासमोर बसून भारताची बाजू मांडणारी ही माणसे कोणत्याही प्रतीक्षायादीत उभी राहिली नव्हती.

आपल्या घरची पुंजी

ज्या 'जेएनयू'वर टीका करण्यात आपला बराच वेळ जातो, तेथील आंतरराष्ट्रीय अध्ययन संस्थेचे मूळ १९५५ च्या 'इंडियन स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज'मध्ये आहे. तिच्या उभारणीत पुढाकार होता पंडित हृदयनाथ कुंझरू यांचा. हे कुंझरू म्हणजे गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९०५ साली पुण्यात स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाचे आजीव सेवक. विदेशनीतीचे शिक्षण स्वदेशातच दिले पाहिजे, हा विचार त्या पिढीला सुचला होता, तोही तिजोरीत खडखडाट असताना!

त्याही मागे जावे. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी 'आज्ञापत्रा'त टोपीकरांविषयी सावध केले. हे नुसते व्यापारी नव्हेत, यांच्या पाठीशी राजे आहेत, समुद्रकाठी वा खाडीलगत यांना वखारीस जागा देऊ नये, हा इशारा त्यांनी दिला. पेशव्यांचे वकील हिंगणे दिल्लीहून आणि गोविंदराव काळे निजामाच्या दरबारातून जी पत्रे धाडीत, ती राजकीय वृत्तांताचे नमुने आहेत. कौटिलीय अर्थशास्त्राची प्रमाणभूत चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली ती मुंबई विद्यापीठाच्या रा. प. कांगले यांनी. १९६० ते १९६५ या काळात तिचे तीन खंड प्रसिद्ध झाले. मुंबईत सिद्ध झालेले हे खंड आज महाराष्ट्रातील राज्यशास्त्राच्या किती विद्यार्थ्यांनी हाताळले आहेत?

येथे दुसऱ्यांकडे बोट दाखवून भागणार नाही. 'विश्वगुरू'ची घोषणा देणे सोपे आहे, पण विश्वाच्या भाषा शिकविणारा एक वर्ग वीस वर्षे नेटाने चालविणे कठीण आहे. राज्यातील विद्यापीठांत प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षे रिक्त राहतात. चीनवर तावातावाने बोलणारे गल्लोगल्ली भेटतात, पण चिनी वृत्तपत्र वाचू शकणारा तालुक्यात एक सापडत नाही. भारतीय परराष्ट्र सेवेतील अधिकाऱ्यांची संख्या १४० कोटींच्या देशात हजाराच्या आसपास आहे. संसदेच्या स्थायी समितीने २०२३ मध्ये या अपुऱ्या मनुष्यबळाकडे लक्ष वेधले. ही स्थिती कोणत्या परकीय शक्तीने लादलेली नाही.

करावयाचे काय?

पहिली गोष्ट, शिष्यवृत्त्या द्याव्यात त्या गरज पाहून. कोणत्या देशाचा, कोणत्या भाषेचा अभ्यासक भारताला हवा आहे हे आधी ठरवावे आणि परत येऊन सेवा करण्याच्या करारावर मुलांना पाठवावे. केवळ वॉशिंग्टनलाच नव्हे, तैपेईला, हनोईला, नैरोबीलाही पाठवावे. दुसरी गोष्ट, मुंबई आणि पुणे विद्यापीठांत चिनी, ब्रह्मी, सिंहली, फारसी, अरबी यांच्या अध्यापनाला संरक्षण आणि इतिहास या विभागांची जोड द्यावी. इस्रायलमधील बेने इस्रायल आणि मॉरिशसमधील मराठी समाज हे आपले सहज उपलब्ध दुवे आहेत, त्यांचा अभ्यासही येथेच व्हावा. तिसरी गोष्ट, परराष्ट्र खात्याने अभ्यासकांसाठी आपली दारे अधिक उघडावीत. नोकरीच नसेल तर विद्यार्थी या विषयाकडे वळणार कशासाठी?

आणि एक गोष्ट पालकांसाठी. मुलाला परदेशी पाठवायचे असेल तर अवश्य पाठवावे. पण घराची कागदपत्रे बँकेत नेण्यापूर्वी त्याला शांतपणे विचारावे, 'शिकून तू कोणाच्या बाजूने टेबलाशी बसणार आहेस?' उत्तर ठाम असेल तर नकाराचे पत्र आले तरी त्या मुलाचे काही बिघडत नाही, तो आपली वाट येथेच काढील. उत्तरच नसेल, तर होकाराच्या पत्रानेही त्याचे फारसे भले होणार नाही.

शाखांतून, महाविद्यालयांतून, वाचनालयांतून काम करणाऱ्यांनी एवढे तरी मनावर घ्यावे. आपल्या गावात एक अभ्यासमंडळ, आठवड्यातून एक दिवस, एक शेजारी देश. त्याचा नकाशा, त्याचा इतिहास आणि जमल्यास त्याची लिपी. त्यासाठी कोणाच्या होकाराची प्रतीक्षा करावी लागत नाही.