तंजावूरच्या शिळांची साक्ष

‘मूळचे कोण आणि बाहेरचे कोण’ हा वाद देशाच्या निरनिराळ्या राज्यांत अधूनमधून डोके वर काढतो. या पार्श्वभूमीवर तामिळनाडूतील तंजावूर येथील पुरावे लक्षपूर्वक पाहण्यासारखे आहेत.

तेथील बृहदीश्वर मंदिर चोल सम्राट पहिला राजराज याने सुमारे १०१० मध्ये पूर्ण केले. मंदिराच्या भिंतींवर चोलकालीन तमिळ शिलालेख आहेत. त्याच आवारात सरफोजी राजे दुसरे यांनी १८०३ मध्ये भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरविला. नायक राजवटीत तेथे सुब्रह्मण्याचे देवालय उभे राहिले, तर मराठा काळात गणपतीच्या देवालयाची पुनर्बांधणी झाली. नंतर आलेल्यांनी आधीचे पुसले नाही, त्यात स्वतःची भर घातली.

अर्थात, हा संगम बरोबरीच्या नात्याने सुरू झाला नव्हता. व्यंकोजी राजे १६७६ च्या सुमारास तंजावूरला आले ते विजेते म्हणून. राजाने कोरविलेला लेख राजाचीच बाजू सांगणार, हेही उघड आहे. खरी कसोटी सत्ता गेल्यावर लागली. १७९९ मध्ये राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला आणि १८५५ मध्ये गादीही संपुष्टात आली. तरीही अनेक मराठी कुटुंबे तेथेच राहिली. घरात तमिळ शब्द सामावून घेतलेली मराठी आणि बाहेर तमिळ, असा त्यांचा व्यवहार रूढ झाला. राजवाडा देवस्थानाच्या ८८ मंदिरांचे वंशपरंपरागत विश्वस्तपद आजही भोसले घराण्याकडे आहे.

या मिलाफाची बीजे दरबारातही होती. शाहजी राजे यांच्या ‘पंचभाषाविलास’ नाटकात संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी आणि हिंदी या पाचही भाषा एकत्र येतात.

सामान्यांच्या जीवनाचा मागोवा मात्र शिळांपेक्षा मोडी कागदपत्रांतून अधिक लागू शकतो. अशा काही कागदपत्रांचे तमिळ अनुवाद तंजावूरच्या तमिळ विद्यापीठाने प्रसिद्ध केले आहेत. मराठी दप्तर तमिळ अभ्यासकांनी आपले मानले, हाही एकरूपतेचाच पुरावा होय. मोडी वाचणारे दिवसेंदिवस कमी होत असताना या कामात महाराष्ट्रातील विद्यापीठांनीही वाटा उचलणे अगत्याचे आहे. अन्यथा शिळा टिकतील, पण त्यांच्या भोवती नांदलेल्या माणसांची कहाणी दप्तरातच राहील.