दुरुस्ती हेही भांडवलच

नवा ट्रॅक्टर गावात आला की त्याला हार घातला जातो, नारळ फुटतो, पेढे वाटले जातात. बँकेच्या लेखी ती भांडवली गुंतवणूक असते आणि शासनाच्या लेखी यांत्रिकीकरणाची प्रगती. तोच ट्रॅक्टर पंचवीस-तीस वर्षांनी, स्टिअरिंगचा खेळ वाढल्यामुळे, चिखलीच्या किंवा मेहकरच्या रस्त्याकडेच्या गॅरेजात उभा राहतो, तेव्हा मात्र त्याच्यावर होणारा खर्च हा निव्वळ खर्च ठरतो. एकाच यंत्राकडे पाहण्याच्या या दोन दृष्टींतील अंतर बुलढाण्यासारख्या कोरडवाहू जिल्ह्याला महाग पडते.

स्टिअरिंगचेच उदाहरण घ्या. बहुतेक जुन्या ट्रॅक्टरांत त्याची रचना सरळ असते. हातातील चाक फिरले की स्टिअरिंग बॉक्समधील आट्यांचा दांडा फिरतो, त्यामुळे ड्रॉप आर्म पुढे-मागे होतो आणि ड्रॅग लिंक व टायरॉड ही हालचाल पुढील चाकांपर्यंत नेतात. या दांड्यांच्या टोकांना बॉल जॉइंट असतात. चाके किंगपिनभोवती वळतात. जॉइंटवरील रबरी टोपी फाटली की काळ्या जमिनीचा चिखल आणि उन्हाळ्यातील धूळ आत शिरते, ग्रीसमध्ये कालवली जाते आणि पोलाद घासत राहते. प्रत्येक सांध्यातील झीज केसभर असते. परंतु सर्व सांध्यांची झीज एकत्र झाली म्हणजे हातातील चाक पाव फेरा फिरले तरी पुढचे चाक हलत नाही. शेतात याचा केवळ त्रास होतो. कापसाने भरलेली ट्रॉली घेऊन राजूर घाट उतरताना, मागचे वजन ट्रॅक्टरला पुढे रेटत असता, हाच ढिलेपणा प्राणावर बेतू शकतो.

मग सुटा भाग बदलावा, हे उत्तर वरकरणी सोपे वाटते. परंतु यंत्राचे आयुष्य कारखान्याच्या आयुष्याहून दीर्घ असते. भारतात ट्रॅक्टरनिर्मितीस १९५९ साली आयशरने आरंभ केला. पुढे चेकोस्लोव्हाकियाच्या झेटरशी सहकार्य करून एचएमटीने १९७१ च्या सुमारास पिंजोर येथे ट्रॅक्टर बनविण्यास सुरुवात केली. आयशरचा ट्रॅक्टर व्यवसाय २००५ मध्ये टॅफेकडे गेला, तर एचएमटीचा ट्रॅक्टर विभाग बंद करण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २०१६ मध्ये मान्यता दिली. कारखाना बंद झाला, तरी त्याने बनविलेले ट्रॅक्टर शेतातून उठून गेले नाहीत. त्यांच्या मालकांना खासगी बनावटीच्या भागांवर, भंगारातून काढलेल्या भागांवर किंवा दुसऱ्याच कंपनीच्या भागांची अदलाबदल करण्यावर विसंबावे लागते.

या अदलाबदलीत कारागिराचे कौशल्य आहे आणि धोकाही आहे. टायरॉडचा जॉइंट वरून सारखा दिसला, तरी त्याच्या खुंटीचा निमुळतेपणा वेगळा असेल तर तो आपल्या छिद्रात पूर्ण बसत नाही. नट कितीही आवळला तरी पुढे तो सैल होतो. ड्रॉप आर्म एका खाचेने चुकीचा बसला तर ट्रॅक्टर एका बाजूस पुरता वळतो, दुसऱ्या बाजूस वळत नाही. तडा गेलेला आर्म वेल्डिंग करून जोडावा, तर उष्णतेने पोलादाचा मूळ कस जातो आणि तो पूर्वसूचनेशिवाय तुटू शकतो. चांगल्या मेकॅनिकला हे सारे अनुभवाने ठाऊक असते. मात्र हे ज्ञान कोठे लिहिलेले नाही, त्याला प्रमाणपत्र नाही, आणि चांगला कारागीर व धडपड्या यांतील फरक शेतकऱ्याला अपघातानंतरच कळतो.

इतका धोका असेल तर जुने ट्रॅक्टर मोडीतच का काढू नयेत, असा प्रश्न कोणी करील. त्याचे उत्तर जमिनीच्या आकारात आहे. २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार महाराष्ट्रातील सरासरी धारणक्षेत्र १.३४ हेक्टर आहे. एवढ्या जमिनीवर काही लाखांच्या नव्या ट्रॅक्टरचे हप्ते निघणे अशक्यप्राय होय. लहान शेतकऱ्याची पेरणी भाड्याच्या ट्रॅक्टरवर होते, आणि ज्याचे कर्ज केव्हाच फिटले आहे असा जुना ट्रॅक्टरच कमी भाड्यात परवडतो. पहिल्या पावसानंतर जमिनीला वाफसा येतो तो मोजक्या दिवसांपुरता. त्या दिवसांत एक ट्रॅक्टर एका जॉइंटवाचून अडला, तर मालकाबरोबरच त्याच्यावर विसंबलेल्या अनेक शेतांची पेरणी लांबते. काही शेकड्यांच्या वा हजारांच्या दुरुस्तीचे मोल अशा वेळी त्या भागाच्या किमतीवरून ठरत नाही.

धोरणाने याची दखल अर्धवट घेतली आहे. २०१४-१५ पासून चालू झालेल्या कृषी यांत्रिकीकरण उपअभियानाचा भर नव्या यंत्रांच्या खरेदीवर व भाडेकेंद्रांवर राहिला. किसान क्रेडिट कार्डाच्या २०१२ च्या सुधारित योजनेत पीककर्जाच्या रकमेवर २० टक्के वाढ शेतीसाधनांच्या दुरुस्ती-देखभालीसाठी धरली आहे. पण ती एकूण मर्यादेत मिसळून जाते आणि बियाणे-खतांतच संपते. सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रॅक्टरच्या अनेक सुट्या भागांवरील वस्तू व सेवा कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, हे स्वागतार्हच. तथापि स्वस्त भाग म्हणजे योग्य भाग नव्हे.

केंद्रीय ग्राहक व्यवहार खात्याने जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली, तेव्हा निवडलेल्या क्षेत्रांत शेती अवजारेही होती. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याने २०२३ मध्ये शेतीयंत्रांपुरता तसा कायदाच केला. तेथील वाद संगणकाने कुलूपबंद केलेल्या यंत्रांचा आहे. आपली गरज त्याहून पुष्कळ साधी आहे. बंद पडलेल्या मॉडेलांच्या सुट्या भागांची मापे व नकाशे, निदान स्टिअरिंग व ब्रेक यांचे, सार्वजनिक करावेत. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी अनुभवी मेकॅनिकांची परीक्षा घेऊन त्यांना प्रमाणपत्रे द्यावीत आणि जोखमीच्या अदलाबदलीचे नियम शिकवावेत. बँकांनी दुरुस्तीची तरतूद पासबुकात वेगळी दाखवून ती मृगापूर्वी उपलब्ध करून द्यावी.

यांपैकी कशासही मोठा निधी लागत नाही. लागते ती एवढीच मान्यता की, देशाची संपत्ती नव्या वस्तू विकत घेतल्याने जशी वाढते, तशीच ती असलेल्या वस्तू नीट राखल्यानेही टिकते. घाटावरील आणि घाटाखालील गॅरेजांत काळ्या हातांनी काम करणारी माणसे हे राष्ट्रीय कार्य आजवर बिनबोभाट करीत आली आहेत. त्यांना योग्य मापाचा भाग आणि त्यांच्या विद्येला योग्य मान मिळवून देणे, हे आता धोरणकर्त्यांचे काम आहे.