नाव एक, माल दोन

'नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा' ही म्हण आपण आजवर माणसांना लावीत आलो. संगणकात बसवावयाच्या ग्राफिक्स कार्डांच्या बाजारात ती आता वस्तूंनाही लावण्याची वेळ आली आहे. महाविद्यालयात शिकणारा मुलगा जुन्या संगणकावर नवे खेळ चालेनात म्हणून नव्या कार्डाची मागणी करतो. वडील कारकून वा शिक्षक असतील, तर वीस-तीस हजारांची ही खरेदी घराचा महिन्याचा हिशेब हलवून सोडते. आणि ती चुकली तर दुरुस्त करण्याची ऐपत त्या घरात नसते. म्हणूनच हा प्रश्न पोराटोरांच्या करमणुकीचा म्हणून सोडून देता येत नाही.

सामान्य ग्राहक कार्ड निवडतो ते नावावरून. एका नावाचा माल एकाच प्रतीचा असणार, हा त्याचा साधा विश्वास. त्याला तडा जाण्यास निदान २०१६ पासून सुरुवात झाली आहे. त्या वर्षी एनव्हिडिया कंपनीने 'जीटीएक्स १०६०' हे कार्ड ६ आणि ३ गिगाबाइट मेमरीच्या दोन रूपांत विकले. फरक केवळ मेमरीचा असता तर एक वेळ चालले असते. पण पहिल्यात १,२८० गणनघटक होते, तर दुसऱ्यात १,१५२. २०१८ साली 'जीटी १०३०'ची दुसरी आवृत्ती त्याच नावाने आली. तिची मेमरी हलक्या जातीची असल्याने माहितीची ने-आण करण्याचा तिचा वेग मूळ कार्डाच्या जेमतेम एक-तृतीयांश होता. २०२४ मध्ये 'आरटीएक्स ३०५०'च्या ६ गिगाबाइट आवृत्तीत २,५६० गणनघटकांचे २,३०४ झाले. मेमरीचा आकडा खोक्यावर छापलेला असतो, हे मान्य. पण आत आणखी काय कमी केले आहे, हे तो आकडा सांगत नाही.

२०२५ साली आलेल्या 'आरटीएक्स ५०६० टीआय' आणि एएमडीच्या 'आरएक्स ९०६० एक्सटी' या कार्डांची गोष्ट थोडी निराळी आहे. दोहोंच्या ८ आणि १६ गिगाबाइट अशा आवृत्त्या निघाल्या. गणनघटक तेच, अमेरिकेतील जाहीर किमतींत अंतर अवघे ५० डॉलरचे. परंतु नव्या खेळांतील चित्रांचे तपशील ८ गिगाबाइटमध्ये मावेनासे झाले की उरलेली माहिती मदरबोर्डावरून, संगणकाच्या मुख्य मेमरीतून आणावी लागते, आणि चाललेला खेळ अडखळू लागतो. मदरबोर्ड जुना असेल तर ही वाट आणखी अरुंद होते. २०२२ सालच्या 'आरएक्स ६५०० एक्सटी'ला केवळ चारच मार्गिका दिलेल्या होत्या. जुन्या मदरबोर्डावर ते आणखी मंद चाले. म्हणजे ज्याचा संगणक जुना, त्यालाच या काटकसरीचा मोठा फटका.

याचा अर्थ प्रत्येकाने महागच कार्ड घ्यावे असा नव्हे. साध्या १०८० रेषांच्या पडद्यावर जुने किंवा स्पर्धात्मक खेळ खेळणाऱ्यास ८ गिगाबाइट पुष्कळ झाले. डिसेंबर २०२४ मध्ये आलेले इंटेलचे 'बी ५८०' २४९ डॉलर या जाहीर किमतीत १२ गिगाबाइट देत होते. पण जुन्या प्रोसेसरच्या जोडीला ते अपेक्षेइतके धावत नाही, असे चाचण्यांत आढळले. तेव्हा कार्ड पाहण्याआधी आपला पडदा, प्रोसेसर, मदरबोर्ड आणि वीजपुरवठ्याचा डबा पाहावा. बैल घेण्यापूर्वी गाडी पाहावी, इतकेच.

कंपन्या लहान ग्राहकाविषयी इतक्या बेफिकीर का झाल्या, याचे उत्तर ताळेबंदात सापडते. जानेवारी २०२२ मध्ये संपलेल्या वर्षात एनव्हिडियाच्या सुमारे २,७०० कोटी डॉलरच्या विक्रीत खेळांचा वाटा निम्म्याच्या जवळपास होता. जानेवारी २०२५ मध्ये संपलेल्या वर्षात विक्री १३,००० कोटींवर गेली आणि खेळांचा वाटा एक-दशांशाहूनही खाली आला. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांना लागणारा माल सोन्याच्या भावाने खपत असताना विद्यार्थ्याच्या कार्डाची फिकीर कोण करणार? २०२५ च्या अखेरीस मेमरी चिपांचे भाव भडकले, तेही या केंद्रांच्या मागणीमुळेच.

तरीही ग्राहक अगदीच हतबल नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये 'आरटीएक्स ४०८०' या एकाच नावाने दोन भिन्न प्रतींची कार्डे आणण्याचा एनव्हिडियाचा बेत इतक्या टीकेस पात्र ठरला की, त्यांपैकी कनिष्ठ कार्ड विक्रीस येण्यापूर्वीच मागे घ्यावे लागले. पुढे जानेवारी २०२३ मध्ये ते दुसऱ्या नावाने आले. जे जगभरच्या ग्राहकांच्या ओरडीने साधले, ते आपल्याकडे कायद्याने साधावयास काय हरकत आहे? १९८६ च्या आणि त्यानंतर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मालाचा दर्जा, प्रमाण आणि क्षमता जाणून घेण्याचा हक्क ग्राहकाला दिला आहे. तेलातुपाच्या भेसळीविरुद्ध आवाज उठवणाऱ्या ग्राहक चळवळीने या नव्या मालाकडेही पाहावे. गणनघटक वेगळे तर नाव वेगळे, एवढा साधा नियम मागावयास तंत्रज्ञ असण्याची गरज नाही. तो होईपर्यंत लॅमिंग्टन रोडवरील दुकानाची पायरी चढणाऱ्याने आधी खोक्यावरील मेमरीचा आकडा वाचावा, त्या आवृत्तीत आणखी काय कमी केले आहे याची चौकशी करावी, आणि नावाला शेवटी विचारात घ्यावे.