कुलूप कोणी उघडले?

वैरागच्या एसटी स्टँडावर एक निवृत्त गुरुजी नातीला घेऊन बार्शीच्या गाडीची वाट पाहत बसले होते. नातीच्या मांडीवर जाडजूड कादंबरी. मुखपृष्ठावर साखळदंडात जखडलेली तरुणी, नजर मात्र बेरकी.

"कोण गं ही?" मी विचारले.

"चोरटी आहे. राजवाड्यात डल्ला मारताना सापडली. तळघरात कोंडलीय."

गुरुजी उसळले. "जादूटोणा आणि चोऱ्यामाऱ्या! ह्यात आपलं काय आहे? पोरींनी ह्यातनं काय घ्यायचं?" तेवढ्यात गाडी लागली आणि उत्तर द्यायचे राहिले. ते इथे देतो.

गुरुजींचा पहिला आक्षेप असा, की ही गोष्ट परकी. पण चतुर, लबाड नायिका आपल्याकडे काल-परवा आलेली नाही. गुणाढ्याच्या बृहत्कथेचा संबंध परंपरा सातवाहनांच्या दरबाराशी, म्हणजे आपल्या पैठणशी जोडते. मूळ ग्रंथ हरवला. कथा सोमदेवाने अकराव्या शतकात 'कथासरित्सागरा'त राखल्या. त्यातली उपकोशा बघा. नवरा तपाला गेलेला. राजपुरोहित, नगररक्षकांचा अधिकारी आणि मंत्री तिच्यामागे लागलेले. ज्याच्याकडे पैसे ठेवले तो वाणीही भलतीच किंमत मागतो. ती चौघांना एकाच रात्रीचे वेगवेगळे प्रहर देते. येईल त्याला अंधारात स्नानाच्या नावाखाली तेल-काजळ फासायचे, पुढचा आला की "लपा" म्हणून पेटीत घालायचे आणि कडी लावायची. वाण्याकडून ती पेटीसमोरच ठेवीची कबुली वदवून घेते. दुसऱ्या दिवशी राजासमोर पेटीच साक्ष देते! बाईला कोंडीत धरायला आलेले स्वतःच कोंडले गेले. ह्यात परके काय आहे?

दुसरा आक्षेप जादूटोण्याचा: अद्भुत म्हणजे वास्तवापासून पळ. काही पुस्तकांबाबत हे खरे आहे. संकट आले की मंत्र, अडचण आली की अंगठी, हा लेखकाचा आळस. पण म्हणून सगळा प्रकारच निकालात काढता येत नाही. देवकीनंदन खत्रींची 'चंद्रकांता' ही हिंदी कादंबरी 1888ची. तिच्यावरची दूरदर्शन मालिका गुरुजींच्या पिढीनेही पाहिली असेल. तिच्यातली चपला ऐयार आहे, म्हणजे सोंगे घेणारी, हेरगिरी करणारी, बेशुद्धीची पूड बाळगणारी. तिच्यापाशी मंत्र नाही, कसब आहे. तरीही राजकन्येपाठोपाठ तीही तिलिस्मात, म्हणजे मायावी भुलभुलैयात, अडकते आणि तिलिस्म फोडायला अखेर राजपुत्र वीरेंद्रसिंहच लागतो. इथे माझीही तक्रार आहे. एवढी हुशार बाई उभी करायची आणि किल्ली दुसऱ्याच्या हातात द्यायची!

तिसरा आक्षेप सर्वांत जड: चोरटी नायिका पोरींना बिघडवते. गुरुजी, वैरागहून सोलापूरची गाडी धरा आणि तिथे 'सेटलमेंट' कुठे म्हणून विचारा. कुणीही सांगेल. 1871चा गुन्हेगार जमाती कायदा पुढे मुंबई इलाख्यात लागू झाला आणि पारधी, कैकाडी, भामटा अशा जमातींची कुटुंबे ह्या सेटलमेंटच्या तारेच्या कुंपणात आणून ठेवली. हजेरी द्यायची, परवानगीशिवाय बाहेर पडायचे नाही, कामाला गिरणीत जायचे. तिथल्या बाईवर चोरीचा शिक्का बसायला चोरी करावी लागत नव्हती. त्या जमातीत जन्मणे पुरेसे होते. 31 ऑगस्ट 1952 रोजी ह्या जमाती कायद्याच्या यादीतून मुक्त झाल्या. 'भामटी' ही आपल्या तोंडातली शिवी एका जमातीचे नाव आहे, हे मात्र आपण अजून विसरतो. तेव्हा कोंडलेल्या चोरटीची गोष्ट वाचणारी मुलगी "हिला चोर कोणी ठरवले?" असे विचारू लागली, तर ती बिघडली म्हणायची की शहाणी झाली?

अशीच कोंडी अण्णा भाऊ साठ्यांच्या 1959च्या 'फकिरा' कादंबरीत आहे. तिचा नायक फकिरा इंग्रज सरकारविरुद्ध बंड करतो. सरकार त्याची माणसे धरते, म्हणून तो वाघ शरण येतो. बंड त्याचे, धरलेल्यांतल्या बायका म्हणजे सरकारच्या हातातला लगाम. त्यांच्यातल्या एखादीने रात्री काय हेरले असेल, पहारा कधी बदलतो हे कसे मोजले असेल, ते मला वाचायचे आहे. ते लिहायला अद्भुत कादंबरीइतके मोकळे रान दुसरे नाही. तिथे तुरुंगाच्या भिंती हव्या तितक्या उंच करता येतात. अट एकच: भिंत जेवढी उंच, तेवढी नायिकेची अक्कल उंच दिसली पाहिजे.

म्हणून गुरुजी, नातीच्या हातातले पुस्तक ओढून घेऊ नका. वाचून झाले की तिला एकच प्रश्न विचारा: कुलूप कोणी उघडले? "राजपुत्राने" म्हणाली, तर पुस्तक खुशाल माळ्यावर टाका. मी तुमच्या बाजूने. "तिनेच" म्हणाली, तर पुढचा प्रश्न विचारा: शेजारच्या कोठडीचे?